राईतले पक्षी, फ्लॅशशिवाय: डिसेंबर ते जुलैच्या नोंदी

जागा: सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातली एक देवराई आणि तिच्या कडेनं उतरणारा व्हाळ (ओढा). तिळारीचाच पट्टा. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिबोटी खंड्याच्या घरट्याचा पत्ता एकदा फुटला की पुढच्या रविवारी तिथं ट्रायपॉडची रांग लागते, हे कोकणात आता कुणाला सांगायला नको.

सामान: जुना, छोट्या सेन्सरचा (एपीएस-सी) डीएसएलआर, १५०-६०० मिमीची झूम लेन्स (६०० वर एफ ६.३; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त), हलका ट्रायपॉड.

अटी: फ्लॅश नाही. आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचं नाही. घरट्यापाशी बसायचं नाही. राईतली काटकीसुद्धा हलवायची नाही. ही शेवटची अट माझी नव्हे, गावाची.

फ्लॅश का नाही, हे बरेच जण विचारतात. पक्ष्यांना त्रास होतो तो मुद्दा आहेच, पण फोटोच्या बाजूनंही तो पटत नाही. पक्षी पाच मीटरवर आणि मागची झाडी वीस मीटरवर असेल तर झाडीवर फ्लॅशचा सोळावा हिस्सा पोचतो. पक्षी लखलखीत, मागे काळाठिक्कर पडदा. तो फोटो कुणाच्या परसात रात्री काढला म्हणून सांगितलं तरी खपेल. मला राईचा अंधार राईसारखा दिसायला हवा होता.

१५ डिसेंबर २०२४

मानकरी काकांकडे परवानगीसाठी गेलो. देवळाच्या अंगणात चपला काढायच्या, राईत बूट चालतील, मोठ्यानं बोलायचं नाही, संध्याकाळी दिवेलागणीच्या आत बाहेर. बाकी त्यांना एकच शंका होती: "हय उजेडच नाय, फोटो कसो येतलो?"

शंका रास्त निघाली. आज फक्त उजेड मोजला. सकाळी साडेदहाला राईबाहेर काजूच्या उतारावर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, एफ ६.३, शटर १/१००० सेकंद. त्याच वेळी आत शंभर पावलांवर आयएसओ ६४००, एफ ६.३, १/१२५. हिशेब केला तर सात स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). बाहेरच्या उजेडाचा सव्वाशेवा हिस्सा आत पोचतोय. साडेआठला, म्हणजे पक्ष्यांची हालचाल सर्वांत जास्त असते तेव्हा, आत १/३० च्या वर शटर जातच नव्हता.

नव्या माणसानं पहिल्या दिवशी हेच करावं. पक्षी विसरून, पालापाचोळ्यावर कॅमेरा रोखून दर तासाला आकडे लिहावेत. कुठल्या तासाला काय मागता येईल ते तरी कळतं.

२२ डिसेंबर

"शटर लेन्सच्या लांबीइतका ठेवा" हा पाठ केलेला नियम घेऊन बसलो. ६०० ला १/६००, छोट्या सेन्सरचा क्रॉप धरला तर १/१०००. आयएसओ वर आकाशाला भिडला आणि फोटोत पक्ष्याऐवजी रांगोळीचे ठिपके आले. सगळे फोटो कचऱ्यात.

मग लेन्समधलं स्थिरीकरण चालू करून १/१२५. झाडाचं खोड, शेवाळ, बुंध्यावरची मुंगी, सगळं धारदार. पक्षी तेवढा पुसट. फुलवेटांचा (छोट्या रानपक्ष्यांचा) थवा डोक्यावरून गेला, त्यातला एकही जागेवर नव्हता. स्थिरीकरण माझा हात थांबवतं, पक्ष्याला थांबवत नाही. हे वाक्य वाचून माहीत होतं. आज मेमरी कार्ड भरून पटलं.

५ जानेवारी २०२५

आज कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. दुर्बीण, वही आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. कोण किती वेळ थांबतो आणि थांबण्याआधी काय करतो, एवढंच लिहायचं. सगळ्या प्रकल्पात या कामाचा जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्याच खरेदीचा झाला नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. पुढच्या फेऱ्यांत भर पडत गेली, तीही इथंच घातली आहे.

टिकेलचा निळा माशीमार. कमरेएवढ्या उंचीच्या फांदीवर ताठ बसतो. माशी पकडून पुष्कळदा त्याच फांदीवर परत येतो, त्यामुळे फोकस आधीच लावून ठेवता येतो. गाताना गळा आणि चोच थरथरते. दोन तानांच्या मधल्या फटीत मात्र अगदी स्तब्ध. तेवढ्यात १/६० पुरतो.

नारंगी डोक्याचा कस्तूर. पाचोळा उलटतो, दोन उड्या मारतो, मग मान कलती करून गोठतो. एक सेकंद, कधी दोन. उड्यांच्या वेळी बोट दाबून काही हाती लागत नाही. तो थांबला की मनात "एक" म्हणायचं आणि मग दाबायचं.

ठिपकेवाला सातभाई. चालतच राहतो, आणि पाचोळा उडवताना डोकं थांबत नाही. १/२०० च्या खाली आशा सोडावी. उजेड तेवढा असेल तेव्हाच त्याच्यामागे लागावं.

रानधोबी. हिवाळी पाहुणा. शेपूट वरखाली नव्हे, आडवी हलवतो, आणि तिच्याबरोबर मागचं सगळं अंग. डोकं जवळपास जागेवर. म्हणजे १/८० वर डोळा मिळतो, शेपूट मिळत नाही. मला तसा फोटो आवडतो, पुष्कळांना आवडत नाही.

पाचू कवडा. कवडे-पारवे पाणी पिताना चोच बुडवून ओढून घेतात, बाकीच्या पक्ष्यांसारखी घोटागणिक मान वर करत नाहीत. त्यामुळे पाण्याला लागलेला कवडा काही सेकंद पुतळा असतो. १/४० वरही धारदार आला.

शामा. येऊन बसला की आधी शेपूट उडवतो. पहिला सेकंद सोडून द्यायचा.

कर्णा. याच्यावर वेगळी नोंद खाली आहे.

नीलमणी. थांबतच नाही. वहीत त्याच्यापुढची जागा बराच काळ कोरी होती.

१२ जानेवारी

लख्ख ऊन. वाटलं, आज उजेड. प्रत्यक्षात ढगाळ दिवसापेक्षा वाईट. राईत ऊन कवडशांनी उतरतं. अर्धा पक्षी कवडशात, अर्धा सावलीत. कॅमेऱ्यानं सावली धरली तर पाठीवर पांढरा डाग, ऊन धरलं तर डोळा अंधारात. रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या) फाइलमधूनही तो भाग परत मिळत नाही, कारण तिथं माहिती उरलेलीच नसते.

मळभ असलं की उजेड कमी, पण सगळीकडे सारखा. दोन स्टॉप गमावले तरी चालतील, कवडसे नकोत. यापुढे ऊन असेल तर साडेनऊच्या आत किंवा चारनंतर, मळभ असेल तर दिवसभर.

१९ जानेवारी

गावातल्या आरोग्यसेविका मावशींनी अडवलं. पाचोळ्यात पालथा पडून फोटो काढतो हे त्यांच्या कानावर गेलं होतं. २०१६ साली या तालुक्यात माकडतापाची साथ आली, माणसं गेली. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून येतो, आणि जानेवारी ते मे हाच तिचा हंगाम. जंगलात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, लगेच कळवायचं. पूर्ण बाह्या, पॅन्ट मोज्यात खोचलेली, उघड्या अंगाला गोचीड प्रतिबंधक तेल, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि आंघोळ. पाचोळ्यात बसणं, लोळणं बंद.

म्हणजे जमिनीवरच्या पक्ष्याच्या नजरेला नजर देणारा कोन गेला. दोन आठवडे यावर डोकं खाजवलं. तोडगा असा: मी घडीच्या स्टुलावर (४५० रुपये, सावंतवाडीचा बाजार), कॅमेरा समोर जमिनीवर बीनबॅगवर, आणि उलगडणाऱ्या पडद्यात वरून बघायचं. माझ्या डीएसएलआरमध्ये पडद्यावरून फोकस हळू लागतो, म्हणून उडत्या-पळत्या पक्ष्याला हे चालत नाही. थांबणाऱ्याला चालतं. शिवाय पडद्यावरून काढताना आतला आरसा आधीच वर असतो, त्याचा फायदा पुढे मार्चमध्ये कळला.

तेलाचा हात कॅमेऱ्याला लागू देऊ नका. माझ्या ग्रिपचं रबर चिकट झालं ते झालंच.

२ फेब्रुवारी

भाड्यानं ५०० एफ ४ आणली. दिवसाचे ३,५०० रुपये, वर अनामत. लेन्स सुंदर, पण तिला पेलणारा ट्रायपॉड माझ्याकडे नाही आणि व्हाळातून ती नेताना निम्मा जीव पायांत, निम्मा खांद्यावर. दिवसअखेर खांदा गेला.

एक मात्र नक्की झालं. एफ ६.३ वरून एफ ४ वर आलं की उजेड अडीचपट. जिथं १/२५ मिळत होता तिथं १/६०. राईत हा फरक फोटो होणं आणि न होणं यांच्यामधला आहे.

पंधरवड्यानं वापरलेली जुनी ३०० एफ ४ घेतली, ४२,००० रुपयांना. झूम विकली नाही. ती राईबाहेर लागते. ३०० ला पक्षी फोटोत तेवढाच मोठा हवा तर अंतर निम्मं करावं लागतं. बारा मीटरवरून सहा मीटर. चालत जाऊन सहा मीटरवर कस्तूर बसून राहणार नाही. म्हणजे लपण (बसायचा आडोसा) आलं.

दुसरी अडचण हिशेबात दिसते, दुकानात कुणी सांगत नाही. सहा मीटरवर ३०० एफ ४ ची धारदार पट्टी (पुढे-मागे जेवढं स्पष्ट येतं ते अंतर) जेमतेम सहा सेंटिमीटर. ६०० एफ ६.३ ला बारा मीटरवर ती नऊच्या पुढे होती. कस्तूर तिरका उभा राहिला तर डोळा किंवा शेपूट, एकच. डोळ्यावर फोकस बिंदू ठेवण्याखेरीज गत्यंतर नाही. पक्ष्याच्या छातीवर ठेवून "येईल सगळं" म्हणणं इथं चालत नाही.

१६ फेब्रुवारी

लपण: हिरवी-तपकिरी जाळी (१,२०० रुपये), चार बांबू गावातूनच. झाडाला दोरी बांधायची नाही म्हणून बांबू दगडांत उभे केले. सकाळभर एक पक्षी फिरकला नाही.

दुपारी लपणासमोर, पक्ष्याच्या जागी जाऊन बसलो आणि कारण दिसलं. माझ्यामागे व्हाळाचं मोकळं आकाश होतं. जाळी पुढून दाट दिसते, पण मागून उजेड आला की आतला माणूस सावल्यांच्या खेळातल्या बाहुलीसारखा हलताना दिसतो. मागच्या बाजूला काळं जाड कापड टांगलं (घरातला जुना पडदा, फुकट), स्वतः गडद शर्ट घातला, लेन्सच्या पुढच्या कडेला जुना मोजा चढवला. चारच्या सुमाराला सातभाई तीन मीटरवरून गेले. इतक्या जवळ की लेन्स फोकस घेईना.

२ मार्च

कर्णा. राईच्या वरच्या टोकाला नर. हा पक्षी बसला की बसतो. मिनिट, दोन मिनिटं. मान सावकाश वळवतो. १/३० वर मिळायला हवा असं वही सांगत होती.

अडचण पहिली: तो पाठ करून बसतो. माणूस दिसला की तपकिरी पाठ आपल्याकडे आणि लाल पोट पलीकडे. पुढून जाण्यासाठी फेरा मारला तर उडतो. उपाय काही नाही. तो शिकारीसाठी झेप घेऊन दुसऱ्या फांदीवर बसतो तेव्हा कधी तोंड आपल्याकडे होतं. तेवढी वाट बघायची.

अडचण दुसरी: १/३० चे फोटो दुहेरी कडांचे आले. ट्रायपॉड पक्का, वारा नाही, पक्षी स्तब्ध. १/१२५ चे ठीक, आणि गंमत म्हणजे अर्ध्या सेकंदाचा एक चुकून काढलेला फोटोही ठीक. म्हणजे हलणारी गोष्ट कॅमेऱ्याच्या आतच होती: आरसा वर आपटतो त्याचा धक्का नेमका या मधल्या वेगांत नडतो. आरसा वर ठेवून पडद्यावरून काढल्यावर १/३० चे फोटो सुधारले. आरसा नसलेला कॅमेरा असणाऱ्यांनी ही अडचण ओलांडून पुढे वाचावं.

अडचण तिसरी घरी कळली. पोटाचा लाल रंग सपाट, पिसांची रेघ नाही. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तर डावीकडे होता, अगदी सुरक्षित. पण तो एकत्रित आलेख होता. रंगवार आलेख उघडला तर लाल उजव्या भिंतीला चिकटलेला, म्हणजे मर्यादेबाहेर गेलेला. लाल, नारंगी पक्ष्यांना रंगवार आलेखच बघावा.

२३ मार्च

कस्तुराचे महिनाभराचे फोटो एकत्र लावले. नारंगी रंग प्रत्येकात वेगळा. कुठं हळद, कुठं चिखल. राईत उजेड पानांतून गाळून येतो, त्यामुळे सगळ्यावर हिरवी झाक. कॅमेऱ्याचं आपोआप व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरं दाखवणारी रंगदुरुस्ती) त्यात गोंधळतं. आता बसण्याआधी पक्ष्याच्या जागेवर करडं कार्ड ठेवून एक फोटो काढतो आणि घरी त्यावरून रंग लावतो. कार्ड नसेल तर सिमेंटचा तुकडाही बऱ्यापैकी चालतो. पूर्ण हिरवी झाक मात्र काढत नाही. काढली की राई दवाखान्यासारखी दिसते.

याच सुमाराला आणखी एक सवय लावली. मागे काळोख असला की कॅमेरा फोटो उगाच उजळवतो आणि त्यापायी शटर मंद करतो. एक्सपोजर उणे एकवर (एक स्टॉप कमी) ठेवलं की १/६० चा १/१२५ होतो आणि अंधार अंधारच राहतो. त्याहून खाली जाऊन घरी उजळायला गेलो तर माझ्या जुन्या सेन्सरवर आडव्या रेघा उमटतात.

१३ एप्रिल

व्हाळ आटला. दोन कोंडी (पाण्याचे छोटे डोह) राहिल्या. कर्नाटकातल्या गणेशगुडीच्या ओल्ड मॅगझिन हाउस कॅम्पला पक्ष्यांच्या आंघोळीसाठी ठेवलेल्या कुंड्यांवर ज्यांनी फोटो काढले आहेत त्यांना कळेल की या दिवसांत पाण्यावर काय गर्दी होते. इथं कुंडी ठेवायची गरज नव्हती, कोंड होतीच.

मोठी कोंड पसरट, पक्षी जास्त, पण वर जांभळाचं छत. धाकटी कोंड पाच-सहा हातांची, पक्षी कमी, पण तिच्या बरोबर वर छताला भोक. तिथून आभाळाचा उजेड सरळ दगडावर उतरतो. मोठ्या कोंडीवर आयएसओ ६४०० ला १/५०, धाकटीवर १/१६०. मी सुरुवातीचे दिवस मोठ्या कोंडीवर घालवले, कारण तिथं पक्षी होते. आता जागा पक्षी बघून निवडत नाही. वर बघून निवडतो. छतात फट कुठे, तिचा उजेड कुठे पडतो, आणि त्या जागेच्या मागे गडद काय आहे. मग तिथं कोण येतं ते बघायचं. कमी आले तरी जे येतात ते फोटोत येतात.

शटरच्या आवाजाचं: पहिल्या क्लिकला पक्षी दचकतो, म्हणून दुसरी फ्रेम कायम हललेली. कोंडीवर कुणी नसताना अधूनमधून रिकामे क्लिक करत राहिलो. तासाभरानं आसपासच्या झुडपांतल्या पक्ष्यांनी त्या आवाजाची दखल घेणं सोडलं. शामा, पाचू कवडा, कस्तूर, तिघेही मिळाले. सलग काढलेल्या फोटोंतली (बर्स्ट) पहिली फ्रेम बोटाच्या दाबानं हलते, तिसरी-चौथी बघावी.

२७ एप्रिल

हत्ती पलीकडच्या वाडीत उतरलेत. वनखात्याच्या माणसांनी व्हाळाकडे जाऊ नका म्हणून सांगितलं. काजूच्या बागेत बसून चहा घेतला आणि परतलो. पेट्रोल गेलं. इथं काम करणाऱ्यानं असे दिवस हिशेबात धरावेत, आणि सांगितल्यावर वाद घालू नये.

११ मे

नवरंग आला. पहाटे दोन स्वरांची शीळ, मग पाचोळ्यात खालमानेनं टणाटण उड्या. उडी, थांबा, उडी. थांबा अर्ध्या सेकंदाचा. सकाळी सव्वासहाला धाकट्या कोंडीवरसुद्धा आयएसओ ६४०० ला १/२५. मिळालेल्या फोटोंत एकच डोळा धारदार आणि पोटाखालचा लाल काळपट. सात वाजता, १/८० मिळायला लागला तेव्हा तो झुडपात.

ठरवलं, मे अखेरपर्यंत रोज त्याच जागी. कोंड अजून आटेल, तोही पाण्यावर येईल.

२५ मे

बेत पाण्यात. विसाव्या तारखेपासून मुसळधार वळीव, आणि आज हवामान खात्यानं मॉन्सून देवगडपर्यंत आल्याचं जाहीर केलं. काल केरळात, आज इथं. जूनच्या पहिल्या आठवड्याचा हिशेब धरून सुट्ट्या टाकल्या होत्या. व्हाळ वाहायला लागला, पाणी सगळीकडे झालं, कोंडीवर कोण कशाला येईल? लपणाचे दोन बांबू वाहून गेले. जाळी खाली बांधावर काकांच्या मुलाला मिळाली.

नवरंगाचा फोटो या वर्षी जो आहे तो असा आहे.

८ जून

३०० च्या लेन्समध्ये बुरशी. उजेडाकडे धरून काही दिसत नव्हतं. अॅपर्चर (लेन्सचं आतलं छिद्र) उघडं ठेवून मागून टॉर्च मारला तेव्हा आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या धाग्यासारखे तंतू दिसले. साफ करायला ३,००० रुपये आणि तीन आठवडे लेन्स हातात नाही.

लेन्स आल्यापासूनची व्यवस्था: रबरी कडेचा हवाबंद डबा, सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक (डब्यासकट ११०० रुपये). काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवायचा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा वापरायचं. आईच्या पोळीच्या तव्यावर नको, वेगळा तवा घ्या. कापडी बॅगेत लेन्स ठेवून बॅग कपाटात, ही पद्धत पुण्यात चालत असेल, कोकणच्या पावसाळ्यात नाही. एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढू नये. काच आतून-बाहेरून धुरकटते आणि पहिला अर्धा तास पुसण्यात जातो.

बीनबॅगेत तांदूळ भरले होते. ओलावा धरून आंबले, वर किडे. आता प्लास्टिकचे दाणे.

२२ जून

लेन्स दुरुस्तीला, म्हणून संगणकावरचं काम. फोटो सुधारायच्या लाइटरूम प्रोग्रॅममध्ये २०२३ पासून आलेलं एआय डीनॉइज (फोटोतले दाणे पुसणारी सोय) बहुतेकांनी वापरलं असेल. माझ्या ग्राफिक कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर एका फोटोला दहा-बारा मिनिटं. त्यात वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

५० वर, म्हणजे प्रोग्रॅम स्वतः सुचवतो तिथं, शीळकरी कस्तुराच्या छातीवरचे निळे चमकते खवले गुळगुळीत झाले. एका सातभाईच्या गालावर तर पिसं उगवली जी मूळ फाइलमध्ये नव्हती. फोकस थोडा चुकलेल्या फोटोत हे जास्त होतं, कारण तिथं खरी माहिती कमी आणि अंदाज जास्त. ३० ते ३५ वर थांबतो. थोडे दाणे राहू देतो. छापून भिंतीवर लावला की दाणे दिसतही नाहीत. पडद्यावर दुप्पट मोठं करून बघणाऱ्यालाच ते टोचतात, आणि तो माणूस बहुधा फोटो काढणाराच असतो.

६ जुलै

लेन्स परत. पाऊस संततधार, राईत दुपारी बाराला एफ ४, आयएसओ ६४००, १/६०. जुन्या झूमला इथं १/२५ मिळाला असता.

शीळकरी कस्तूर व्हाळाच्या मधल्या धोंड्यावर. पहाटेपासून शीळ चालू. शेपूट पंख्यासारखी उघडतो-मिटतो, मग नुसता उभा. पाण्याच्या आवाजात माझा शटर त्याला ऐकूच गेला नाही. छत्री बांबूला बांधलेली, मी स्टुलावर, १/२५, आयएसओ ३२००. अंग धारदार, मागचं पाणी दुधाळ रेघांचं, खांद्यावरचे खवले न पुसता आले. आठ महिन्यांत मला हवा होता तसा हा पहिला फोटो, आणि तो इतक्या मंद शटरचा.

तिबोटी खंड्या व्हाळाच्या मातीच्या दरडीत ये-जा करताना दिसला, चोचीत पाल. म्हणजे आत पिल्लं. लपण उचलून खाली दोन वळणं सोडून लावलं. तिथं तो फक्त निळी रेघ होऊन जातो. ठीक.

२० जुलै

खर्चाची वही: लेन्स ४२,०००, भाडं ३,५००, बुरशी ३,०००, जाळी १,२००, डबा १,१००, स्टूल ४५०. पेट्रोल वेगळं, ते लिहिलं तर घरी दाखवता येणार नाही.

नीलमणीसाठी वहीत शेवटी एक ओळ पडली. तो थांबत नाही, पण थव्याबरोबर जाताना भृंगराज (लांब शेपटीचा कोतवाल) बसला की त्याच्याखालच्या दोन-तीन फांद्यांवर हाही क्षणभर टेकतो, बहुधा त्यानं उठवलेल्या किड्यांसाठी. म्हणजे नीलमणीवर नव्हे, भृंगराजाच्या खालच्या मोकळ्या फांदीवर फोकस लावून बसायचं. १/२५० लागेल. तेवढा उजेड आता ऑक्टोबरनंतर. तोवर लेन्स डब्यात, आणि पुढच्या वर्षी नवरंगासाठी सुट्ट्या एक मेपासून टाकणार.